‘घरोघरी’ म्हणजे कोणाच्या घरी?
‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१–२००५) या मालिकेतील तीन पिढ्यांच्या कुटुंबाला ‘घरोघरचे’ हे विशेषण सहज बहाल केले जाते. दिवाणखाना, किरकोळ कुरबूर आणि भाग संपताना पूर्ववत झालेले घर हा घाट अमेरिकेतील ‘आय लव्ह ल्यूसी’ने १९५१ पासून रूढ केला. प्रभावळकरांचे आबा अस्सल आहेत, विनोद निर्मळ आहे. आक्षेप आहे तो समीक्षेच्या आळसावर.

कसोटीसाठी बीड जिल्हा घ्यावा. तेथील ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास घर म्हाताऱ्यांवर सोपवते आणि गळीत हंगाम संपेपर्यंत फडाजवळच्या कोपीत राहते. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल मिळते ती त्या कोयत्याला. थट्टा, रुसवेफुगवे तेथेही आहेत. मात्र सारे पूर्ववत होण्याची हमी तेथे नाही.

वर्गीयता अशी थेट घाटातच मुरलेली आहे. बीडचे एखादे पात्र घुसवून ती जाणार नाही. स्थिर छप्पर ही ज्याची पूर्वअट, त्या घाटाला सार्वत्रिक म्हणणारी समीक्षा एका वर्गाच्या दिवाणखान्यालाच महाराष्ट्र समजते. ‘घरोघरी’ हा शब्द तिने आधी सिद्ध करावा, मग वापरावा.