इंग्रजी घ्यावी, पण कशासाठी?

बारावीचा निकाल हाती पडला आणि मृगाचे वेध लागले, की नांदेड आणि लातूरच्या बसस्थानकांवर दरवर्षी एकच दृश्य दिसते. मुखेड, कंधार, देगलूर, किनवट. तिकडे निलंगा, औसा, अहमदपूर, उदगीर अशा गावांहून आलेल्या गाड्यांतून मुले-मुली उतरतात. हातात गुणपत्रिकांची पिशवी आणि सोबत पेरणीची कामे मागे टाकून आलेले वडील. लातूरला उतरलेल्यांपैकी अनेकांची पावले शिकवणी वर्गांनी गजबजलेल्या 'ट्यूशन एरिया'कडे वळतात. 'लातूर पॅटर्न'ने वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाचा जो राजमार्ग आखून दिला, त्यावर चालण्याची ती तयारी असते. ज्यांना त्या मार्गावर जागा मिळत नाही किंवा ज्यांना तो मार्गच नको असतो, ते कला शाखेच्या खिडकीपाशी येतात. त्यांतलाच एखादा विद्यार्थी अर्जावर मुख्य विषय लिहितो : इंग्रजी. शेजारी उभे असलेले वडील विचारतात, "इंग्रजी घेऊन पुढं करणार काय रे?"

प्रश्न साधा आहे आणि रास्तही आहे. मात्र त्याचे सरळ उत्तर त्या बापाला सहसा कोणी देत नाही. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पदवीची नवी रचना लागू झाली आणि 'मेजर', 'मायनर' हे शब्द खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचले. पूर्वी कला शाखेत तीन ऐच्छिक विषयांची त्रिसूत्री असे; त्यांतला एखादा विषय नावापुरता असला तरी निभावत असे. आता एका विषयाशी तीन किंवा चार वर्षांची गाठ बांधायची आहे. म्हणूनच ती बांधण्यापूर्वी नीट विचार व्हायला हवा.

या विषयावर समाजात दोन ठरावीक मते ऐकू येतात. पहिले मत असे, की इंग्रजी म्हणजे नोकरी. इंग्रजी घेतली की मुलगा फाडफाड बोलू लागेल आणि पुण्या-मुंबईची दारे आपोआप उघडतील. दुसरे मत स्वभाषेवर मनापासून प्रेम करणाऱ्यांचे. मेकॉलेने १८३५ मध्ये आपल्या टिपणातून जी शिक्षणनीती पुरस्कारली, तिचेच हे अपत्य. त्याच्या नादी आपल्या मुलांनी का लागावे, असे ते म्हणतात. पहिल्या मतात भाबडेपणा आहे. दुसऱ्या मतामागे वेदना आहे. तिचा आदर राखूनही म्हटले पाहिजे, की ते अपुरे आहे.

मराठवाड्याला परभाषेच्या सक्तीचा अनुभव उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. येथे ती सक्ती इंग्रजीची नव्हती. निजामी राजवटीत उर्दू ही राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी, तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेच्या मुलांनी आपल्या ज्ञानाची भाषा दरबाराच्या मर्जीने ठरवायची, असा तो न्याय होता. १९३८च्या वंदे मातरम् आंदोलनात हैदराबाद संस्थानातील ज्या विद्यार्थ्यांना शिक्षणसंस्थांतून काढण्यात आले, त्यांना नागपूर विद्यापीठाने आधार दिला. त्या आंदोलक विद्यार्थ्यांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. त्यांनी हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी तेलुगूत नेली. मातृभाषेसाठी आणि राष्ट्रगीतासाठी झगडलेली पिढी इतर भाषांकडे पाठ फिरवून बसली नाही, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नांदेडचे विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांतून त्यांनी विद्यार्थी घडविले, मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले, कारावास भोगला. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागे त्यांची प्रेरणा होती. त्याच स्वामीजींनी हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत लिहिल्या. ते पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. संन्यस्त वृत्तीचा आणि अंतर्बाह्य स्वदेशी असा हा पुरुष इंग्रजीत लिहितो, तेव्हा त्याचे स्वत्व तसूभरही कमी होत नाही. उलट मराठवाड्याची कहाणी उर्वरित भारताला वाचता येते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनाच्याच दिवशी, स्थापन झालेल्या या विद्यापीठात इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

ही परंपरा नवीनही नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध मानणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्या दुधाचे बळ निबंधमालेच्या मराठीला दिले. आगरकरांनी शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले. योगी अरविंद बडोद्याच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते आणि त्याच काळात त्यांच्यातला राष्ट्रवादी आकार घेत होता. अलीकडच्या काळात विंदा करंदीकर आयुष्यभर इंग्रजीचे प्राध्यापक राहिले आणि मराठीचे ज्ञानपीठविजेते कवी झाले. भालचंद्र नेमाडे यांनी मराठवाडा विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केले; देशीवादाची सर्वांत आग्रही मांडणी त्यांच्याच लेखणीतून झाली. खुद्द नांदेडात नरहर कुरुंदकरांनी रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर मराठीत ग्रंथ लिहिला. कुरुंदकरांच्या राजकीय मतांशी अनेकांचे मतभेद असतील. पण इंग्रजीतला विचार पचवून तो मराठीत कसा मांडावा, याचा वस्तुपाठ नांदेडच्या एका शिक्षकाने घालून दिला, हे कोण नाकारील?

तेव्हा इंग्रजी घ्यावी की न घ्यावी, हा वाद आता बाजूला ठेवता येईल. खरा प्रश्न आहे तो आज ती कशी घेतली जाते आणि कशी शिकविली जाते, याचा.

मुख्य विषय म्हणून इंग्रजी घेणे याचा अर्थ प्रामुख्याने इंग्रजी साहित्याचा अभ्यास. चॉसर, शेक्सपिअर, वर्डस्वर्थ, कादंबरीचा इतिहास, समीक्षा, भाषाविज्ञान असा तो प्रदेश आहे. संभाषणवर्गाचे हे मोठे भावंड नव्हे. प्रवेशाच्या वेळी ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली जात नाही आणि घोटाळ्याची सुरुवात तेथूनच होते. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे आज प्रवेश घेणाऱ्या मुलाने बारा वर्षे इंग्रजीची पुस्तके हाताळलेली असतात. तरीही स्वतःच्या गावाविषयी दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर त्याची लेखणी अडखळते. हा दोष त्या मुलाच्या बुद्धीचा नाही. त्याला इंग्रजीचे प्रश्न सोडवायला शिकविले गेले. इंग्रजी वाचायला नव्हे.

असा विद्यार्थी शेक्सपिअरच्या नाटकासमोर येतो, तेव्हा त्याच्या मदतीला धावते ते बाजारातले 'गाइड'. मूळ नाटक हाती न घेता त्याचा सारांश वाचायचा, वर्गात त्याचे मराठीतून स्पष्टीकरण ऐकायचे, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे पाठ करायची आणि परीक्षेत ती उतरवायची. तीन वर्षांनी पदवीवर इंग्रजीचे नाव येते. विद्यार्थ्याकडे मात्र इंग्रजी येत नाही. प्रवेश-परीक्षांच्या तयारीत सराव आणि घोकंपट्टी कदाचित कामाला येत असेल. साहित्याच्या अभ्यासात तीच पद्धत आत्मघातकी ठरते. हा तरुण शहरात मुलाखतीला जातो, पहिल्याच प्रश्नाला त्याची मान खाली जाते आणि आपण कमी आहोत ही समजूत घेऊन तो गावी परततो. मेकॉलेची खरी सरशी होते ती येथे. भाषा न देता केवळ तिचा न्यूनगंड देणारे शिक्षण हे कोणत्याही गुलामगिरीहून घातक होय.

नोकरीविषयीही पालकांशी खरे बोलले पाहिजे. इंग्रजीचा पदवीधर शिक्षक व्हायचे म्हणतो, तर त्याच्यापुढे बी.एड., शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि मग पवित्र पोर्टलवरील प्रतीक्षा उभी असते. महाविद्यालयात शिकवायचे, तर एम.ए.नंतर सेट किंवा नेट. आणि ते होऊनही अनेकांच्या वाट्याला वर्षानुवर्षे 'तासिका तत्त्वा'वरील काम येते. तासागणिक मानधन, सुट्टीत तेही नाही आणि लग्नाच्या बोलणीत मान खाली. जो शिक्षक स्वतः असा अधांतरी आहे, त्याच्याकडून विद्यार्थ्यांना स्थैर्याने घडविण्याची अपेक्षा समाज कोणत्या तोंडाने करतो? मंजूर जागा वेळेवर आणि गुणवत्तेवर भरणे हे शासनाचे कर्तव्य आहे. भाषेच्या अभिमानाची भाषणे केल्याने ते कर्तव्य पार पडत नाही.

मग इंग्रजीचा अभ्यास करून साधते काय? याचे उत्तर मराठवाड्याच्या रोजच्या व्यवहारातच सापडते. नांदेड किंवा लातूरच्या शेतकऱ्याचा जमिनीचा वाद उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातो, तेव्हा सातबारा, फेरफार, पंचनामा हे सारे मराठीत असते. संविधानाच्या कलम ३४८ नुसार, संसदेने वेगळी तरतूद करीपर्यंत, उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीतून चालते. या दोहोंच्या मध्ये भाषांतरकार उभा असतो. त्याने 'वहिवाट' या शब्दाचा अर्थ चुकविला, तर एखाद्याच्या बांधावरचा हक्क डळमळू शकतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दस्तऐवज चाळण्याची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची गरज भासली. भाषा जाणणारी माणसे ऐनवेळी निर्माण होत नाहीत. ती आधी घडवावी लागतात, हा त्याचा धडा आहे.

दुसरे क्षेत्र आपल्या सांस्कृतिक वारशाचे. नामदेवांची नरसी, जनाबाईंचे गंगाखेड, मुकुंदराजांचे अंबाजोगाई, दशमेश गुरू गोविंदसिंहांच्या वास्तव्याने पावन झालेले नांदेड. एवढे वैभव या टापूत आहे. महानुभाव ग्रंथांचा व्यासंग करून ते इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्याचे मोठे काम अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने केले. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण ज्या भूमीत हे वाङ्मय जन्मले, तेथील इंग्रजी विभागांतून असे अभ्यासक का निघू नयेत? नांदेडच्या दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' हे नाटक इंग्रजीत गेले आणि मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत पोहोचले. असे कितीतरी लेखन अजून वाट पाहत आहे. मुक्तिसंग्रामातल्या साध्या माणसांच्या आठवणी, जात्यावरच्या ओव्या, किल्लारीच्या १९९३च्या भूकंपातून उभ्या राहिलेल्या गावांची कहाणी हे सारे जगाला सांगायचे, तर ते सांगणारा मुलगा याच मातीतला हवा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, योगायोगाने स्वामीजींच्या जन्मदिनीच, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. त्या दर्जाचे सार्थक करण्यात इंग्रजीच्या विद्यार्थ्यांचाही वाटा असू शकतो.

आता यंत्रच भाषांतर करते, पत्रे लिहून देते, मग इंग्रजी शिकायची कशाला, असेही काही जण विचारू लागले आहेत. वस्तुतः यंत्रामुळे कामचलाऊ इंग्रजीचा भाव उतरला आहे आणि जाणत्या इंग्रजीचा वाढला आहे. यंत्राने केलेले भाषांतर बरोबर की चूक, हे ठरवायला दोन्ही भाषांचा मर्मज्ञ लागतो. अभंगातला 'भाव' आणि बाजारातला 'भाव' यांतला फरक ज्याला कळतो, तोच तेथे उपयोगी पडतो. पाठ केलेल्या उत्तरांवर पदवी मिळविलेल्याची जागा मात्र यंत्र सहज घेईल.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. पहिल्या सत्रात अभ्यासक्रमाची घाई न करता विद्यार्थ्यांकडून सोपी, पण संपूर्ण पुस्तके वाचून घ्यावीत. मूळ कृती न वाचता उत्तीर्ण होताच येणार नाही, अशा प्रश्नपत्रिका काढाव्यात. इंग्रजी मुख्य विषय घेणाऱ्याने 'मायनर' म्हणून मराठी, हिंदी किंवा संस्कृतचा आवर्जून विचार करावा. नांदेडच्या विद्यापीठात भाषा, वाङ्मय आणि संस्कृती यांचे अध्ययन एकाच संकुलात चालते. त्या नावातला संयोग संलग्न महाविद्यालयांच्या वर्गांतही उतरावा. प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी आपल्या गावाशी निगडित एखादा मजकूर इंग्रजीत आणि एखादा इंग्रजी लेख मराठीत आणावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. तळमळीचा शिक्षक लागतो. आणि स्पर्धा परीक्षांच्या धास्तीने इंग्रजीकडे वळणाऱ्यांना हेही सांगावे, की केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती असते. वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्यही घेता येते. भीतीपोटी इंग्रजी घेऊ नये. आवडीने आणि उद्देशाने घ्यावी.

प्रवेशाच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या बापाचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. "इंग्रजी घेऊन पुढं करणार काय?" त्याला कोणीतरी प्रामाणिकपणे सांगायला हवे, की बाबा, पोरगा नुसते इंग्रजीचे पुस्तक उघडणार असेल, तर ही वाट खडतर आहे, तीन वर्षे आणि शेतीतले चार पैसे वाया जाण्याचा धोका आहे. पण तो मन लावून वाचणार असेल, आपली मराठी सांभाळणार असेल, तर उद्या तुझ्या सातबाऱ्यातला शब्द न्यायालयात नीट पोहोचविणारा आणि तुझ्या आईच्या ओव्या परमुलुखात सांगणारा तोच असेल. एवढे समजल्यावर तो बाप अर्जावर सही करताना अडखळणार नाही. त्याच्या या विश्वासाला पात्र ठरण्याची जबाबदारी मग मुलाइतकीच महाविद्यालयाची, विद्यापीठाची आणि समाजाचीही आहे.