देवनारचा डोंगर आणि आपल्या स्वयंपाकघरातली बादली

मुंबईत देवनारचा कचऱ्याचा डोंगर हटवण्याची चर्चा सुरू आहे. १९२७ पासून शहराचा कचरा तिथे पडतोय. सुमारे १ कोटी ८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये निविदा काढली, कारण यातली बरीच जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायचे ठरले. बातम्यांत टन आणि एकर मोजले जातात. पण डोंगराच्या पायथ्याला शिवाजीनगर आहे, बैंगनवाडी आहे, आणि तिथली बरीच कुटुंबं आपल्याच समाजाची आहेत.

जानेवारी २०१६ च्या अखेरीस या डोंगराला मोठी आग लागली. धूर अनेक दिवस राहिला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच फेब्रुवारीत मुंबई हायकोर्टाने कचऱ्याची नीट व्यवस्था नाही म्हणून शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली.

मग असा कचरा पेटतो तरी कसा? भाजीचे देठ, उरलेला भात, फळांच्या साली प्लास्टिकसोबत दाबल्या गेल्या की त्यांना हवा मिळत नाही. हवेविना कुजताना मिथेन वायू तयार होतो, आणि तो पेट घेतो. म्हणजे आगीचं इंधन आपल्या स्वयंपाकघरातून जातं. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त भाग ओल्या कचऱ्याचा असतो.

हा प्रश्न एकट्या मुंबईचाही नाही. २०१८ मध्ये औरंगाबादजवळच्या नारेगावात गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि अख्ख्या शहरात रस्तोरस्ती ढीग साचले. आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकायचा, ही पद्धत कधी ना कधी अडणारच.

कायदा काही कमी नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं. पण लोक विचारतात, "आम्ही वेगळा दिला तरी गाडीत सगळा एकत्रच टाकतात ना?" ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे, आणि नगरसेवकांना, वॉर्ड ऑफिसला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण म्हणूनच आम्हाला खताचा मार्ग महत्त्वाचा वाटतो. रिसायकलिंगसाठी गाडी लागते, कारखाना लागतो. खताला कोणाचीच वाट पाहावी लागत नाही.

त्यासाठी बाग लागत नाही. झाकण असलेली वीस लिटरची बादली घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली जुनं ताट ठेवा. सालं, देठ, चहाचा चोथा टाकला की वर तेवढाच सुका पाला किंवा नारळाचा भुसा पसरा. दोन-तीन दिवसांनी हलवा. वास आला तर समजा ओल जास्त झाली. आणखी भुसा घाला. साधारण दोन महिन्यांत काळं, मातीसारखा वास येणारं खत मिळतं. हाडं, मासे आणि तेलकट रस्सा मात्र यात नको, उंदीर येतात. ते पालिकेच्या ओल्या कचऱ्यातच द्यावं.

सुका कचरा कोरडा ठेवला तर त्यातही कोणाची तरी रोजी आहे. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये प्लास्टिक निवडणारे, दळणारे, वितळवणारे बरेच कामगार आपलेच भाऊ आहेत. खरकट्याने माखलेल्या पिशवीला भंगारात भाव नसतो. दुधाची पिशवी धुऊन वाळवून दिली तर तिला किंमत येते. काचेच्या बरण्या, जुने कपडे तर आपल्या आजी-नानी कधी फेकतच नव्हत्या. जुन्या ओढणीची पिशवी, चादरीचं पोतेरं व्हायचं. त्याला तेव्हा कोणी पर्यावरण म्हणत नव्हतं.

दीनने आपल्याला इसराफपासून रोखलं आहे आणि शेजाऱ्याचा हक्क सांगितला आहे. पण रमजानमध्ये काही ठिकाणी इफ्तारनंतर मशिदीबाहेर काय चित्र असतं? टरबुजाच्या साली, खजुराच्या बिया, पाण्याच्या बाटल्या, कागदी प्लेट्स, सगळं एकाच काळ्या पिशवीत. थर्माकोलच्या प्लेट्सवर तर राज्यात २०१८ पासूनच बंदी आहे. ती पिशवी ज्या डोंगरावर जाते, त्याच्या पायथ्याशीही कोणीतरी रोजा सोडत असतं.

म्हणून मशीद कमिट्यांना आणि मोहल्ल्यातल्या तरुणांना आमची विनंती आहे. येत्या रमजानमध्ये दस्तरखानाजवळ दोन ड्रम ठेवा, एक सालींचा आणि एक बाटल्यांचा. पहिल्याचं खत मशिदीच्या आवारातल्या झाडांना घाला, दुसरा भंगारवाल्याला द्या. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी यावर पाच मिनिटं बोलावं. मुलं एकदा मशिदीत हे पाहतील, तर घरी अम्मीला दुसरी बादली तीच आणायला लावतील.