उचल कमी करणारा संचय

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माचा स्वीकार केला. दरवर्षी याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून एक वेगळे प्रस्थान सुरू होते. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. आपल्या निवासी शाळांचे महत्त्व याच दिवसांत अधिक जाणवते. आईवडील फडावर असताना मूल वर्गात बसलेले असते, ते या वसतिगृहांमुळे.

या स्थलांतराच्या मुळाशी ‘उचल’ आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, घेतलेली ही रक्कम मजुरीची आगाऊ रक्कम म्हणवली जाते. वस्तुतः ते कर्ज असते आणि दोन माणसांचे पुढील पाच-सहा महिन्यांचे श्रम हे त्याचे तारण असते. हंगामअखेरीस हिशोबात उचल फिटली नाही, तर बाकी पुढील वर्षाच्या नावे चढते. मग कोणत्या टोळीत जायचे, कोणत्या कारखान्यावर जायचे, मुलीला शाळेत ठेवायचे की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी सोबत न्यायचे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्या कुटुंबाकडे उरत नाही.

म्हणून लहान रकमेच्या गुंतवणुकीचा विचार आपण शहरी पद्धतीने करू नये, असे मला वाटते. पैसे किती वर्षांत दुप्पट होतील, हा आपला पहिला प्रश्न नव्हे. पुढच्या दसऱ्याला आपल्या कुटुंबाला किती कमी उचल घ्यावी लागेल, हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे.

संचय हा आपल्यासाठी केवळ काटकसरीचा विषय नाही. सामर्थ्य असले तरी शूद्राने धनसंचय करू नये, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात पाण्याप्रमाणे पैशावरचा हक्कही नाकारलेला होता. अशा समाजातील मातेने स्वतःच्या नावाच्या खात्यात पाचशे रुपये ठेवणे ही साधी व्यवहाराची बाब राहत नाही.

तथागतांनीही गृहस्थाला दारिद्र्याचा उपदेश केलेला नाही. राजगृहातील सिगाल या तरुणाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले. एका भागात निर्वाह करावा, दोन भाग कामधंद्यात लावावेत आणि चौथा भाग संकटकाळासाठी राखून ठेवावा. ज्याची मजुरी निर्वाहालाच पुरत नाही, त्याने हे प्रमाण अक्षरशः पाळावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यातील क्रम आणि विवेक आजही उपयोगी आहे.

त्या क्रमाच्याही आधी येते ती ऋणमुक्ती. गावात ‘शेकडा तीन’ने पैसे घेतले, असे आपण सहज बोलतो. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. ७२ या संख्येला व्याजदराने भागले असता रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे ढोबळमानाने मिळतात. या हिशोबाने सावकाराचे कर्ज दोन वर्षांत दुप्पट होते, तर सहा टक्के देणाऱ्या बँकेतील ठेवीला त्यासाठी बारा वर्षे लागतात. छत्तीस टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून सहा टक्क्यांची ठेव करणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. ज्याच्यावर असे कर्ज आहे, त्याची सर्वोत्तम गुंतवणूक ते कर्ज फेडणे हीच आहे.

त्यानंतर चौथा भाग, म्हणजे संकटकाळाची राखण. आजारपण आणि अपघात हीच कर्जाची मोठी दारे आहेत. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाखांचे अपघात संरक्षण आणि ४३६ रुपयांत मिळणारे जीवनज्योती योजनेचे २ लाखांचे आयुर्विमा संरक्षण प्रत्येक पात्र कोयत्याने घेतलेच पाहिजे. मात्र हप्ता कापला जाण्याच्या वेळी, मे महिन्याच्या अखेरीस, खात्यात तेवढी शिल्लक असावी. ती नसल्यास विमा खंडित होतो आणि ते दुर्घटनेनंतरच कळते.

बचतीसाठी टपाल कार्यालय हे आपल्या खेड्यांना सर्वांत जवळचे व सरकारी हमीचे ठिकाण आहे. आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते. आजच्या ६.७ टक्के दराने दरमहा ५०० रुपये भरल्यास पाच वर्षांत ३०,००० रुपयांचे सुमारे ३५,६८० रुपये होतात. परंतु ही योजना दरमहा वेतन मिळणाऱ्यास अधिक सोयीची आहे, कारण चारपेक्षा अधिक हप्ते चुकले की खाते खंडित होते. फडावर गेलेल्या मजुराने दरमहा टपाल कार्यालय कसे गाठावे? त्याच्यासाठी हंगामअखेरच्या हिशोबातून एकदाच भरता येईल अशी योजना हवी. १,००० रुपयांपासूनची मुदत ठेव तशी आहे. दहा वर्षांच्या आतील मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते तर वर्षाला २५० रुपयांवरही चालू राहते. त्याचा सध्याचा दर ८.२ टक्के असून, मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर उच्च शिक्षणासाठी शिलकीच्या निम्मी रक्कम काढता येते. आपल्या शाळेत शिकणाऱ्या मुलीच्या पालकांनी याचा अवश्य विचार करावा.

उरले कामधंद्याचे दोन भाग. शेअर बाजार हाच गुंतवणुकीचा एकमेव अर्थ नव्हे. दोन उस्मानाबादी शेळ्या, शिलाई यंत्र, मुलाचे तंत्रशिक्षण, बचत गटातून उभा राहिलेला लहान व्यवसाय, ही सारी गुंतवणूकच आहे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तग धरणारी शेळी अडीअडचणीला विकता येते, आणि गावातच मिळकतीचे साधन निर्माण झाले तर उचलीची गरज कमी होते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज शिक्षक, परिचारिका, पोलीस शिपाई वा खासगी नोकरीत आहेत, त्यांची स्थिती निराळी आहे. घरातील डब्यात ठेवलेल्या रुपयाची खरेदीची शक्ती महागाईने वर्षागणिक घटते. रुपयाच्या याच क्रयशक्तीच्या स्थैर्याचा प्रश्न बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडला होता. पाच-सात वर्षे ज्या पैशाची गरज भासणार नाही, त्यातील काही भाग वेतनदारांनी दरमहा ५०० रुपयांसारख्या लहान हप्त्याने निर्देशांकावर आधारित म्युच्युअल फंडात ठेवण्यास हरकत नाही. तेथे चढउतार असतात आणि हमी नसते, हे मात्र मनाशी पक्के असावे. सिगालाला सांगितलेल्या धननाशाच्या सहा मार्गांत जुगाराचाही समावेश आहे. भ्रमणध्वनीवरील ‘फ्युचर्स’ आणि ‘ऑप्शन्स’चे व्यवहार सामान्य माणसासाठी त्याच जातीचे आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तीन वर्षांच्या काळात असे व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात गेल्या.

आपल्या जिल्ह्याने तर याहून जवळचा आघात सोसला आहे. बीड येथे मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेत असंख्य कुटुंबांच्या ठेवी अडकल्या, २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तांवर टाच आणली. निवृत्तीची रक्कम, लेकीच्या लग्नासाठी साठविलेले पैसे, जमीन विकून आलेली रक्कम असे सारे त्यात होते. ठेवीदारांना लोभी म्हणून दोष देणे अन्यायाचे ठरेल. ओळखीच्या माणसावर विश्वास ठेवणे हीच आपल्या गावांची रीत आहे. परंतु त्यातून धडा घेतला नाही तर तोही अन्यायच. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला, मग ती बहुराज्यीय असली तरी, ते नसते. म्हणून कोठेही पैसे ठेवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या संस्थेवर देखरेख कोणाची? ठेवीला विमा आहे काय? टपाल कार्यालयापेक्षा इतके अधिक व्याज ही संस्था कोठून देणार? तिसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर उठून यावे.

कोणी म्हणेल, ज्याच्या हाती काहीच उरत नाही त्याला बचतीचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. हा आक्षेप खरा आहे. रास्त मजुरी, हिशोबाची लेखी पावती आणि मजुरांची नोंदणी यांसाठीच्या लढ्याला बचत हा पर्याय होऊ शकत नाही. मात्र ज्याच्या घरी महिनाभराचे धान्य आणि खात्यात चार पैसे आहेत, तोच मजूर मुकादमाशी दराची घासाघीस करू शकतो. संचय लढ्याला बळ देतो.

शेवटी माजी विद्यार्थ्यांना एक सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी पुष्कळांना बँकेचा अर्ज भरता येतो, व्याज काढता येते, छापील अटी वाचता येतात. ही विद्या ज्यांच्या घामावर मिळाली, त्या पालकांपर्यंत ती पोहोचली पाहिजे. हंगाम संपून टोळ्या परतल्या की, एप्रिल-मे महिन्यांत, आंबेडकर जयंती आणि बुद्धपौर्णिमेच्या दरम्यान, शाळेच्या आवारात एक दिवस ‘हिशोबाचा दिवस’ म्हणून ठेवावा. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एका कुटुंबाजवळ बसावे, त्यांची उचल, कर्ज आणि शिल्लक एका वहीत लिहून द्यावी, आणि विमा व खाते यांचे अर्ज भरून द्यावेत. कोणाचेही पैसे आपल्या हाती घेऊ नयेत. केवळ माहिती द्यावी. दुसऱ्या वर्षी तीच वही उघडून उचलीचा आकडा किती उतरला, हे त्या कुटुंबासोबत पाहावे.

नमो बुद्धाय, जय भीम.