ड्राफ्ट, प्लेमेकर आणि धानाचे पऱ्हे

२३ जुलै २०१७, रविवार. मुंबईत इंडियन सुपर लीगचा ड्राफ्ट भरला होता. दहा क्लब, यादीत २०५ भारतीय खेळाडू. पहिली निवड नव्याने आलेल्या जमशेदपूरची होती. त्यांनी अनस एडाथोडिका या बचावपटूचे नाव घेतले. किंमत १ कोटी १० लाख रुपये. तेवढ्याच किमतीला युजीनसन लिंगडोह हा प्लेमेकर कोलकात्याच्या एटीके संघाकडे गेला. त्याच आठवड्यात गोंदिया जिल्ह्यात धानाची रोवणी ऐन भरात होती. या दोन गोष्टींचा संबंध काय, हे सांगण्यासाठी आजचा धागा. तो लांबणार आहे, याची कल्पना असू द्यावी.

प्रथम ड्राफ्टची जन्मकथा. ही पद्धत अमेरिकन फुटबॉलमधून आलेली आहे, म्हणजे अंडाकृती चेंडूच्या, हातांनी खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमधून. १९३० च्या दशकात तेथील श्रीमंत संघ महाविद्यालयांतील उत्तम खेळाडू पैशाच्या बळावर उचलून नेत आणि दुबळे संघ अधिक दुबळे होत. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी उपाय सुचवला : गतवर्षी जो तळाशी राहिला त्याने सर्वांत आधी निवडावे. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. पहिल्या निवडीचा मान जे बर्वँगर या खेळाडूला मिळाला आणि त्याने व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नाही. ड्राफ्टच्या इतिहासाचा प्रारंभच असा फसलेल्या निवडीने झालेला आहे.

त्या खेळात सर्वांत मोलाचा माणूस क्वार्टरबॅक. प्रत्येक चाल त्याच्या हातातून सुरू होते. चेंडू हाती आल्यावर तो कोणाकडे फेकायचा, स्वतः धावायचे की थांबायचे, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. आपल्या फुटबॉलमध्ये त्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे प्लेमेकर, मधल्या फळीत उभा राहून चाल रचणारा. (तुलना पूर्ण जुळत नाही, हे मान्य. प्लेमेकरला चेंडू दर वेळी हातात आणून कोणी देत नाही.)

क्वार्टरबॅकच्या निवडीत अमेरिकनांनीही सपाटून मार खाल्लेला आहे. टॉम ब्रेडी २००० सालच्या ड्राफ्टमध्ये १९९ वा निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. कर्ट वॉर्नरला तर ड्राफ्टमध्ये कोणी विचारलेच नव्हते. मध्यंतरी तो किराणा दुकानात फळ्यांवर माल लावत होता. १९९८ मध्ये पहिला पेटन मॅनिंग आणि दुसरा रायन लीफ, दोघेही क्वार्टरबॅक. एक खेळातला महापुरुष ठरला, दुसरा चार मोसमांत बाहेर फेकला गेला. उंची, वेग, फेकीचे अंतर मोजता येते. गोंधळात शांत राहून योग्य माणूस पाहण्याची दृष्टी मोजायचे यंत्र अद्याप निघालेले नाही. तरीही २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते. ते हा जुगार खेळू शकतात, कारण त्यांच्यामागे महाविद्यालयीन फुटबॉलचा अफाट विस्तार आहे. एक निवड चुकली तर पुढच्या वर्षी दुसरे नाव तयार असते.

आता आपल्याकडे येऊ. ९ डिसेंबर २०१० रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून इंडियन सुपर लीग उभी राहिली. जुलै २०१४ मध्ये मुंबईत भारतीय खेळाडूंचा पहिला ड्राफ्ट झाला : ८४ खेळाडू, सहा संघ, प्रत्येकी १४ निवडी. गोवा आणि ईशान्येकडील संघांनी स्थानिक क्लबांशी हातमिळवणी करून आपले खेळाडू वेगळ्या वाटेने मिळवले होते. स्पर्धा १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. दहा आठवड्यांच्या मोसमात कोणत्या प्लेमेकरला कोणत्या सहकाऱ्याची धाव ओळखता येणार होती?

त्याहून महत्त्वाचा नियम मैदानावरचा होता. अकरांपैकी सहा जण परदेशी चालत. सहा परदेशी घ्यायचे तर प्रशिक्षक त्यांना कुठे उभे करील? संघाच्या कण्यातच. चेन्नईकडे एलानो, कोलकात्याकडे लुईस गार्सिया, दिल्लीकडे डेल पिएरो, गोव्याकडे रॉबर्ट पिरेस. चाल रचण्याचे काम पाहुण्यांकडे गेले. भारतीय मुलांच्या वाट्याला गोलपोस्ट, बचावाच्या कडा आणि धावपळ आली. म्हणून त्या ड्राफ्टमधून उत्तम काय निघाले ते पाहा. केरळचा संदेश झिंगन उदयोन्मुख खेळाडू ठरला, तो बचावपटू. अंतिम सामन्याच्या भरपाई वेळेत कोलकात्यासाठी एकमेव गोल करणारा मोहम्मद रफीकही भारतीयच. पण त्या संघाची सूत्रे गार्सियाकडे होती.

लिंगडोहची कथा या संदर्भात वाचावी. शिलाँगचा हा खेळाडू स्थानिक क्लबांतून वर आला आणि बेंगळुरू एफसीमध्ये नावारूपाला आला. २०१५ मध्ये दहा खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्री १ कोटी २० लाखांना मुंबईकडे गेला. लिंगडोहची मूळ किंमत २७.५ लाख होती. पुणे सिटीने १ कोटी ५ लाख मोजले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. त्याच वर्षी महासंघाने त्याला सर्वोत्तम खेळाडूचा मान दिला. प्लेमेकर उशिरा पिकतो, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. पुणे मात्र त्या मोसमात आठांत सातवे आले. चाल रचणारा आणला, पण त्याच्या पासवर धावणारे दहा जण एकत्र वाढलेले नव्हते. २०१७ मध्ये एटीकेने त्याच्यावर पुन्हा मोठी रक्कम लावली; मोसमाच्या आरंभीच त्याचा गुडघा गेला आणि गतविजेता संघ दहांत नववा आला.

माझे मत विचाराल तर २०१७ ची शहाणी निवड जमशेदपूरचीच होती. हाती काहीच नसलेल्या संघाने आधी अनस आणि गोलरक्षक सुब्रत पाल घेऊन घर शाकारले, आणि पहिल्याच मोसमात पाचवे स्थान मिळवले. पण हे शहाणपण परिस्थितीपुढची शरणागती होती. यादीत तयार प्लेमेकर मोजकेच असतील तर बचावपटू घेणे हेच योग्य. आणि मोजकेच का, हा प्रश्न निवड करणाऱ्याला विचारता येत नाही.

तो मागे जाऊन विचारावा लागतो. ड्राफ्ट येण्यापूर्वी आपल्याकडे निवड नोकरीतून होत असे. गोंदियावरून जाणारा हावड्याचा मार्ग ज्या बंगाल-नागपूर रेल्वेने बांधला, तिचाच बीएनआर हा संघ कोलकात्याच्या लीगमध्ये मोठमोठ्यांना घाम फोडत असे. १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक संघातील तुळसीदास बलराम ईस्ट बंगाल सोडून १९६३ मध्ये याच संघात गेले. ती पद्धत न्याय्य होती असे मुळीच नाही. वशिला चाले, आणि मोठ्या क्लबांचे लोक नोंदणीच्या दिवसांत खेळाडूंना अक्षरशः लपवून ठेवत. पण पगार बारमाही होता आणि सामने भरपूर होते. महाराष्ट्रात महिंद्रा युनायटेड हा त्याच परंपरेतला संघ. तो २०१० मध्ये बंद झाला, म्हणजे ज्या वर्षी पंधरा वर्षांचा करार झाला त्याच वर्षी. पुणे सिटीही २०१९ मध्ये विसर्जित झाला.

आणि आता गोंदिया. २००९ पासून मे २०२२ पर्यंत महासंघाचे अध्यक्षपद प्रफुल पटेल यांच्याकडे होते. त्यांतील पाच वर्षे ते भंडारा-गोंदियाचे खासदारही होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकीय समिती नेमली आणि ऑगस्टमध्ये फिफाने काही दिवस भारताला निलंबित केले. तो वाद आजचा विषय नाही. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, हे त्यांच्या कारकिर्दीचे श्रेय निःसंशय द्यावे. माझा आक्षेप क्रमाबद्दल आहे.

गोंदियातला शेतकरी रोवणीपूर्वी पऱ्हे टाकतो. छोट्या वाफ्यात धानाची रोपे दाट वाढवतो आणि मग ती उपटून बांध्यांत लावतो. ड्राफ्ट म्हणजे ही रोवणी. कोणते रोप कोणत्या बांधीत जावे, याची ती न्याय्य वाटणी. १९३६ च्या अमेरिकेत पऱ्हे हिरवेगार होते आणि भांडण वाटणीचे होते. आपण वाटणीचा सोहळा आधी उभारला.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य शासनाच्या उपक्रमात महाराष्ट्रभर शाळांतील लाखो मुलांना फुटबॉल खेळवले गेले. दिवस आनंदाचा होता. परंतु शालेय स्पर्धा प्रामुख्याने बाद पद्धतीच्या : पहिल्या फेरीत हरलेल्या सालेकसा किंवा देवरीच्या मुलांचा मोसम एका सकाळी संपतो. धावणारा मुलगा तेवढ्यातही नजरेत भरतो. खेळ वाचणारा भरत नाही. त्याला चुकायला, आणि चूक पुढच्या आठवड्यात सुधारायला सामने लागतात. आपल्याच राज्यात कोल्हापूरचे उदाहरण आहे. तेथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर मोसमभर एकमेकांशी भिडतात. २०१७ च्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहराचा, हा मला योगायोग वाटत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये त्या पंधरा वर्षांच्या कराराची मुदत संपली. त्याआधीच लीगचा मोसम वेळेवर सुरू होऊ शकला नव्हता आणि सारी रचना पुन्हा चर्चेत आली. अशा वेळी कोणाला विकत घ्यावे याचीच चर्चा अधिक रंगते. माझी मागणी साधी आहे. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत. प्रत्येकाचा सोळा वर्षांखालील एक संघ, घरी आणि बाहेर असे दोन-दोन सामने. एकूण ५६ सामने, प्रत्येक मुलाच्या वाट्याला १४. धान कापणीनंतर सुरू केले तर परीक्षांपूर्वी उरकेल. लागणारी मैदाने आठ, आणि प्रत्येक सामन्याला एक पंच व प्रवासाला एक गाडी.

बीएनआर संघाविषयी अनेकांनी यापूर्वीही विचारले आहे. त्यावर स्वतंत्र धागा लिहीन.