खाडी, खडू आणि खड

नात कम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत कोपरीला आली, माझ्या लेखांच्या वह्यांचा ढीग बघितला आणि म्हणाली, "आजी, हे सगळं ठेवायला मी तुला एक छोटंसं ॲप करून देते. एका दुपारचं काम!" त्यांच्या अभ्यासात पहिला धडाच हा असतो म्हणे, ब्लॉगचं साधं ॲप. आपण पाटीवर ग-म-भ-न काढायचो, तसं त्यांचं हे.

एका दुपारचं काम हे खोटं नव्हतं. जँगो नावाची एक तयार चौकट असते, फ्रेमवर्क म्हणतात. मला ती शाळेच्या कचेरीवरून समजली. मॉडेल म्हणजे जनरल रजिस्टरचे रकाने : शीर्षक, मजकूर, तारीख. रकाने एकदा आखून दिले की कपाट, कुलूप, नोंद भरायचा फॉर्म हे सारं चौकटच पुरवते. व्ह्यू म्हणजे मागणी आल्यावर नेमकी नोंद शोधून काढणारा कारकून. आणि टेम्प्लेट म्हणजे ती नोंद ज्या छापील कागदावर उतरवायची तो दाखला. इतका शहाणा कारकून मला नोकरीत कधी लाभला नाही, पण ते असो.

ही चौकट जन्मली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावातल्या वर्तमानपत्राच्या कचेरीत. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी २००३ मध्ये सुरुवात केली आणि २००५ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली. नाव दिलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. डाव्या हाताची दोन बोटं आगीत निकामी झाल्यावरही वाजवत राहिलेला माणूस! नाव छानच निवडलं.

वर्तमानपत्रवाल्यांची एक खूणही त्यात आली, 'स्लग'. बातमीला ओळखीसाठी दिलेलं छोटं नाव. लेखाच्या शीर्षकावरून हे नाव आपोआप तयार होतं आणि तोच लेखाचा पत्ता बनतो. माझी सगळी कथा या स्लगची आहे.

मी पहिला लेख घातला, 'खाडी'. ठाण्याच्या खाडीवरचा, मीठबंदरच्या बाजूचा. पत्ता आला... कोरा. काहीच नाही! नातीने शोधलं तर कळलं की स्लग करणारा नियम मुळात रोमन अक्षरं आणि आकडेच ठेवतो, बाकी सगळं केराच्या टोपलीत. मात्र इतर लिप्यांसाठी एक बटण आहे, १.९ या आवृत्तीपासून म्हणजे २०१५ च्या डिसेंबरपासून. तिने बटण दाबलं. रस्त्याच्या व्याख्येतही फक्त रोमन चालत होतं, तेही बदललं. पुन्हा 'खाडी' घातला.

पत्ता आला 'खड'.

मी म्हटलं, माझंच टंकन चुकलं असेल. दुसरा लेख घातला, 'खडू'. तो साठवायलाच नकार! या पत्त्यावर आधीच एक लेख आहे म्हणे. कारण त्याचाही पत्ता 'खड'च होता. मग मला मास्तरकीची खोड लागली. खोड, खोडी, खेडं, सगळ्यांचे पत्ते काढून पाहिले. खड, खड, खड. आमच्या 'कोपरी'चं झालं 'कपर'.

कारण ऐकलंत तर तुम्हालाही माझ्यासारखाच राग येईल. ही चौकट पायथॉन भाषेत लिहिलेली आहे. शब्दात बसणारं चिन्ह कोणतं हे ओळखायला पायथॉनमध्ये एक नियम आहे : अक्षर, आकडा किंवा खालची रेघ. युनिकोडमध्ये 'ख' हे अक्षर, पण त्याचा काना हे स्वतंत्र 'जोडचिन्ह'. ते या नियमात अक्षरही नाही आणि आकडाही नाही. म्हणून काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्ताची खूण, सगळे गळतात. बंगाली, गुजराती, तमिळ यांचंही हेच होतं. देवनागरीच्या शब्दांचे तुकडे पडतात अशी तक्रार पायथॉनच्या तक्रारवहीत २००७ सालीच नोंदली गेली आहे. नातीच्या लॅपटॉपवरच्या पायथॉनमध्ये नियम जुनाच आहे. गंमत म्हणजे २००८ च्या पायथॉन ३ पासून चलाचं नाव देवनागरीत 'खाडी' असं ठेवता येतं, कान्यासकट! म्हणजे एका दारातून काना आत येतो आणि दुसऱ्या दारावर त्याला हाकलतात. पर्ल नावाच्या जुन्या भाषेत मात्र हे बरोबर चालतं. ती करणारा लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेला होता, हे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही.

काना ही अक्षराला लावलेली झालर नाही हो. तो स्वर आहे. 'आ' एकटा आला तर यंत्र त्याला अक्षर मानतं आणि तोच 'ख'च्या गळ्यात पडला की कचरा? काना-मात्रा खाल्ला म्हणून मी मुलांचे शब्द दहा-दहा वेळा लिहून घेतले आहेत.

नात शांतपणे म्हणाली, "आजी, शीर्षकं इंग्रजीत टाक ना, पत्त्यापुरती. सगळे तसंच करतात." तिचंही एक म्हणणं होतं. देवनागरी पत्ता नक्कल करून पाठवला तर पुष्कळदा एकेका चिन्हाचे नऊ-नऊ रोमन तुकडे होतात, 'कोपरी' पंचेचाळीस खुणांचं शेपूट होऊन व्हॉट्सॲपवर पडतं. लेखाला नुसता क्रमांक द्यावा हा दुसरा उपाय, आणि तो मला मान्य होता. क्रमांकाला भाषा नसते. पण 'पत्त्यापुरतं इंग्रजी' मला मान्य नाही. आमच्या कोपरी कॉलनीत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं आहेत. माझ्या शेजारीण आजी अरबी वळणाच्या लिपीत पत्रं लिहायच्या. त्यांच्या नातवंडांना त्यातलं एक अक्षर लागत नाही. लिपी अशीच जाते. कोणी मनाई करत नाही, फक्त 'एवढ्यापुरतं' दुसरीत लिहायला लागतो.

आणि दोष अमेरिकेतल्या त्या दोघांना देऊन मला मोकळं होता येत नाही. त्यांनी आपल्या गावच्या बातम्यांसाठी केलं, ते चोख केलं. पण खाडीपलीकडे ऐरोलीच्या काचेच्या इमारतींत, पुण्यात हिंजवडीला, आपली किती मुलं हीच कामं करतात! त्यांतल्या बऱ्याच जणांनी हा पहिला धडा गिरवला असेल, आणि पहिल्या लेखाला शीर्षक दिलं असेल 'माय फर्स्ट पोस्ट'. मग काना गळतो हे कळणार कसं? माझं शिक्षकांना सांगणं एवढंच आहे की हा धडा देताना पहिलं शीर्षक मराठीत घालायला लावा. जोडाक्षरवालं.

नातीने शेवटी स्वतःचा नियम लिहिला. जुन्या नियमाला जोडून युनिकोडमधला देवनागरीचा १२८ जागांचा अख्खा पट्टा मोकळा सोडायचा. एकच ओळ. 'खाडी' खाडी झाली, 'खडू' खडू झाला. मी तिला शिरा करून घातला.

रात्री मी वहीतला आणखी एक लेख घातला, 'सह्याद्रीच्या दऱ्या'. माझ्या जुन्या टंकनपद्धतीत 'ऱ्या' काढताना र, हलन्त आणि एक न दिसणारा सांधा येतो. तो सांधा देवनागरीच्या पट्ट्याबाहेर राहतो, हे आम्हाला दोघींना पत्ता बघितल्यावर कळलं. पत्ता होता 'सह्याद्रीच्या-दर्या'. डोंगरात समुद्र!

"आजी, आता उद्या," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.