शुश्रूषेचे शिक्षण कोणाच्या पैशाने?

प्रगत भांडवलशाही देशांत वृद्धांची शुश्रूषा आज कोण करते, या प्रश्नाचे उत्तर मेलबर्न किंवा सिडनीच्या वृद्धाश्रमांत सहज मिळते. भारत, नेपाळ, फिलिपाइन्स या देशांतून शिक्षणासाठी म्हणून आलेले तरुण-तरुणी तेथे ऐंशी-नव्वद वर्षांच्या माणसांना आंघोळ घालतात, घास भरवतात, रात्री-अपरात्री त्यांची कूस बदलून देतात. यांतील अनेकांनी त्यासाठी ‘सर्टिफिकेट थ्री इन इंडिव्हिज्युअल सपोर्ट’ नावाचा व्यवसाय-अभ्यासक्रम केलेला असतो. वृद्ध आणि अपंग या दोहोंच्या सेवेसाठी प्रवेशाची पायरी म्हणून तो ओळखला जातो. या कामाची गरज ऑस्ट्रेलियन समाजाला आहे. शिक्षणाचा खर्च मात्र हजारो मैलांवरची कुटुंबे सोसतात. या विसंगतीच्या मुळाशी गेले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. शुश्रूषा ही कोणालाही, विशेषतः कोणत्याही स्त्रीला, उपजतच येते असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला यंत्राच्या साहाय्याने खुर्चीत कसे बसवावे, शय्याव्रणाची सुरुवात कशी ओळखावी, गिळण्यास त्रास होणाऱ्याला कसे भरवावे, स्मृतिभ्रंशाने भांबावलेल्या वृद्धाशी कसे बोलावे, अपंग व्यक्तीला मदत करताना तिची इच्छा आणि तिचा खाजगीपणा कसा जपावा, हे सारे शिकावे लागते. या अभ्यासक्रमात किमान १२० तास प्रत्यक्ष काम करणे बंधनकारक आहे. २०१८ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने वृद्धसेवेतील अनास्थेची चौकशी केली. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अंतिम अहवालानुसार सेवा घेणाऱ्या तिघांपैकी किमान एकाला हलक्या दर्जाची सेवा मिळत होती. हेच प्रमाणपत्र सेवकांची किमान पात्रता ठरवावी, अशी शिफारसही कमिशनने केली. प्रशिक्षणाचा आग्रह योग्यच आहे. वाद आहे तो त्याची किंमत कोणी मोजावी याविषयी.

२०२३ पासून ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने राज्यांच्या साहाय्याने ‘टेफ’ या सरकारी तंत्रशिक्षण संस्थांतून निःशुल्क शिक्षणाची योजना चालवली आहे, आणि शुश्रूषा हे तिच्यातील अग्रक्रमाचे क्षेत्र आहे. ही सवलत नागरिक व स्थायी रहिवासी यांच्यासाठी आहे. विद्यार्थी-व्हिसावर आलेल्याला ती नाही. त्याला पूर्ण शुल्क भरावे लागते, आणि तेही बहुधा एखाद्या खाजगी महाविद्यालयाला. जून २०२४ पर्यंत ७१० डॉलर असलेले व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये १,६०० आणि जुलै २०२५ मध्ये २,००० डॉलर झाले. म्हणजे केवळ अर्जासाठी एक लाख रुपयांहून अधिक. याशिवाय मे २०२४ पासून एका वर्षाच्या निर्वाहासाठी २९,७१० डॉलरची तरतूद दाखवावी लागते. दोन तरुणी एकाच वृद्धाश्रमात एकाच वृद्धेला उचलतात. त्यांतली एक फुकट शिकलेली असते, आणि दुसरीच्या बापाने त्यासाठी जमीन गहाण टाकलेली असते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर कुशल श्रमशक्ती घडवण्याचा खर्च मालकाने नफ्यातून किंवा समाजाने करातून करावयाचा असतो. येथे तो मजुरावरच लादला आहे. त्याच्या जन्मापासून बारावीपर्यंतचा खर्च त्याच्या गरीब देशाने आधीच केलेला आहे. श्रीमंत देशाला तयार श्रमिक मिळतो, शुल्काचे उत्पन्न मिळते आणि या व्यवहाराला ‘शिक्षणाची निर्यात’ असे गौरवाचे नावही मिळते.

यावर असा युक्तिवाद केला जाईल की, विद्यार्थी स्वेच्छेने येतो आणि मायदेशी कधीच मिळाले नसते इतके वेतन मिळवतो. त्यात तथ्यांश आहे. परंतु तो विद्यार्थी म्हणून आला आहे की मजूर म्हणून, हे कोण ठरवते? सत्र चालू असताना पंधरवड्याला ४० तासच काम करण्याचे बंधन त्याच्यावर होते. मार्च २०२० मध्ये साथ पसरताच वृद्धसेवेतील विद्यार्थ्यांसाठी ते शिथिल झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिलमध्ये, ज्यांना स्वतःचा निर्वाह करता येत नाही अशा तात्पुरत्या व्हिसाधारकांनी मायदेशी परतावे, असे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी सुनावले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वच विद्यार्थ्यांवरील तासांचे बंधन उठले. जुलै २०२३ मध्ये ४८ तासांची मर्यादा आली, आणि वृद्धसेवेत आधीपासून असलेल्यांना तीतून त्या डिसेंबरअखेरपर्यंतच सूट मिळाली. गरज पडली की नळ सोडायचा, गरज सरली की बंद करायचा. शिक्षणाचा विचार यात कोठे आहे? याच २०२० साली व्हिक्टोरिया राज्यातील वृद्धाश्रमांत सहाशेहून अधिक रहिवासी दगावले. रोजंदारीवरचे सेवक पोटासाठी दोन-तीन ठिकाणी काम करीत होते, आणि त्यांच्याबरोबर संसर्गही फिरत होता. सेवकाच्या अस्थैर्याची किंमत अखेर वृद्धांनीच मोजली.

या धोरणाला पूर्वेतिहासही आहे. २००५ नंतरच्या वर्षांत स्वयंपाककला आणि केशकर्तन शिकवणाऱ्या खाजगी महाविद्यालयांचे पेव फुटले, कारण त्या व्यवसायांतून स्थायी निवासाचा मार्ग जात होता. हजारो भारतीय तरुण तेथे गेले. २००९ मध्ये मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, काही महाविद्यालये एका दिवसात बंद पडली, आणि २०१० मध्ये सरकारने व्यवसायांची यादीच बदलली. शुल्क भरून बसलेले विद्यार्थी अधांतरी राहिले. शुश्रूषेची गरज त्या काळच्या केशकर्तनाप्रमाणे फुगवलेली नाही, ती खरी आहे. परंतु शिक्षण विकणारा बाजार तोच आहे. २०२४ च्या अखेरीपासून नियामक संस्थेने काही खाजगी प्रशिक्षण संस्थांनी वाटलेली वीस हजारांहून अधिक प्रमाणपत्रे रद्द ठरवली. त्यांत अपंगसेवा व वैयक्तिक शुश्रूषा यांची प्रमाणपत्रेही होती. न शिकवता प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याला फसवले, आणि ज्याच्या उशाशी तो उभा राहणार त्या अपंगालाही.

कामगार संघटनांनी दाखवलेला मार्ग याहून वेगळा आहे. त्यांनी लढवलेल्या खटल्यात फेअर वर्क कमिशनने जून २०२३ पासून वृद्धसेवेतील प्रत्यक्ष सेवकांना १५ टक्के वाढ दिली. हे काम स्त्रियांचे मानले गेल्यामुळेच त्याचे मोल कमी धरले गेले, हे तत्त्व मान्य करून २०२४ मध्ये आणखी वाढ मंजूर केली. मे २०२३ पासून वृद्धसेवा संस्थांना संघटनेशी समझोता करून परदेशी सेवक नेमता येतात आणि दोन वर्षांच्या पूर्णवेळ कामानंतर स्थायी निवासासाठी त्यांची शिफारस करता येते. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण किल्ली मालकाच्याच हाती राहते, आणि निव्वळ अपंगसेवेत काम करणाऱ्यांना हे दार उघडलेले नाही.

विद्यार्थ्याकडून पैसे घेण्याऐवजी त्याला पैसे देऊन शिकवणे शक्य आहे काय? जर्मनीत ते घडते. तेथे २०२० पासून परिचर्येच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला शुल्क नाही, उलट प्रशिक्षणार्थीला पहिल्या महिन्यापासून वेतन मिळते, मग तो देशी असो वा परदेशी. जर्मनी काही समाजवादी देश नव्हे. नफ्यासाठी चालणारे वृद्धाश्रम तेथेही आहेत. तरीही प्रशिक्षणाचा भार उद्योगाने व समाजाने उचलावा हे तत्त्व तेथे रुजले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तो करताना हे तत्त्व मराठी तरुणांना समजावून सांगणे हे शासनाचे कर्तव्य होते. आज मात्र पुण्या-नाशिकातील तरुण परदेशी शिक्षणाविषयी जे ऐकतो ते सल्लागाराच्या तोंडून, आणि त्या सल्लागाराचे कमिशन महाविद्यालय देते.

भारत सरकारचे वर्तनही तपासण्याजोगे आहे. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या स्थलांतर करारात वर्षाला तीन हजार भारतीय पदवीधरांसाठी जागा मिळवल्या गेल्या. त्या अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, खाणकाम अशा क्षेत्रांसाठी. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी काहीही मागितलेले दिसत नाही. वाटाघाटीच्या मेजावरही उच्चशिक्षितांचीच बाजू मांडली जावी, हा योगायोग नव्हे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. जो शिकून त्याच देशात शुश्रूषा करणार आहे, त्याच्या शिक्षणाचा खर्च तेथील सरकारने व संस्थाचालकांनी करावा. प्रशिक्षणातील १२० तासांचे वेतन द्यावे. स्थायी निवासाचा हक्क मालकाच्या शिफारशीवर न ठेवता सेवकाच्या कामावर ठेवावा, आणि तो अपंगसेवेलाही लागू करावा. या मागण्या तेथील संघटनांबरोबर भारतातील संघटनांनीही लावून धराव्यात.

पण परक्या देशाकडे बोट दाखवताना मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाने स्वतःच्या घरातही डोकावावे. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईवडिलांपाशी ब्यूरोतून आलेली बाई बारा-बारा तास बसते. तिला प्रशिक्षण नाही, साप्ताहिक सुट्टीची हमी नाही, आणि तिच्या मजुरीतून ब्यूरो आपला वाटा कापून घेतो. ऑस्ट्रेलियातील सेवकाला वेतनवाढ संघटनेने मिळवून दिली. या बाईची संघटना अजून बांधायची आहे.