नाडीबरोबर मनाचीही विचारपूस

नांदेड वा लातूर येथील कोणत्याही दवाखान्यात सकाळी घटकाभर बसावे. झोप लागत नाही, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, अंगात त्राण नाही, ह्याच तक्रारी वारंवार कानी पडतात. मन उदास आहे असे सांगणारा विरळा. कारण मनाचे दुखणे बोलून दाखविणे म्हणजे वेडाचा शिक्का पदरी घेणे, हा समज अद्यापि गेलेला नाही. रोगी शरीराची भाषा बोलतो आणि शक्तीच्या औषधाची बाटली घेऊन घरी परततो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या 100 रुग्णांपैकी सुमारे 85 उपचारावाचून राहिल्याचे आढळले, ते उगीच नव्हे.

ज्या मराठवाड्याने 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप सोसला आणि जो शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या वार्ता वर्षानुवर्षे ऐकत आला, त्यास हे दुखणे परके नाही. शासनाने ‘प्रेरणा प्रकल्पा’तून आशा कार्यकर्त्यांकरवी गावोगाव विचारपूस आरंभिली, हे स्तुत्यच होय. परंतु रोगी ज्याच्यावर विश्वास टाकतो तो नित्याचा डॉक्टर गप्प राहिला, तर ते कार्य अपुरेच राहील. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटेनाशी झाली काय? मन खिन्न, निराश असते काय? हे दोन प्रश्न नाडी पाहता पाहता विचारता येतात.

बाहेर रोगी तिष्ठत असतात, ही डॉक्टरांची अडचण खोटी नाही. सरसकट चाळणीविषयी तज्ज्ञांतही मतभेद आहेत. कॅनडाच्या तज्ज्ञमंडळाने 2013 मध्ये तिच्याविरुद्ध कौल दिला. अमेरिकेच्या मंडळाने 2016 मध्ये, पुढील निदान व उपचारांची सोय असावी ह्या अटीवर, ती उचलून धरली. आम्हांस ही अटच महत्त्वाची वाटते. दोन प्रश्न म्हणजे निदान नव्हे. होकार मिळाल्यावर पुढे कोठे पाठवावयाचे हे ठाऊक नसेल, तर विचारणे हा केवळ उपचार ठरेल.

ही सोय अशक्य नाही. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित सल्लागारांच्या सहा ते आठ बैठकींनी तीव्र नैराश्यही हटू शकते, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. नांदेड व लातूर ह्या दोन्ही नगरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी तालुक्यातालुक्यांतून असे सल्लागार तयार करावेत, खाजगी डॉक्टरांस रोगी कोणाकडे पाठवावा हे कळवावे, आणि प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक ठळक लावावा.

आत्महत्येनंतर पंचनामा करणारी यंत्रणा आपणांपाशी आहे. त्यापूर्वी विचारणारी यंत्रणा उभी करणे हे कर्तव्य आता टाळता येणार नाही.